जागेतलं पहिलं पाऊल आणि सोबतीची माणसं : मराठवाड्यातले अनुभव

समृद्धी महामार्ग झाला, शेंद्रा-बिडकीनला ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी आली आणि आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतही गुंठ्याचा भाव निघू लागला. नवी पोरं विचारतात, सुरुवात कुठून करायची, कुणाला विचारायचं? पुण्या-मुंबईच्या सल्ल्यावर इथलं भागत नाही, इथल्या जमिनीचे कागद निजामाच्या काळापर्यंत मागे जातात. ज्यांनी जागा घेतली, विकली, भागीदारी केली, त्यांनी आपापलं सांगावं. चुका लपवू नयेत. आधी माझं सांगतो.

छत्रपती संभाजीनगर
२०१२ साली शहराच्या कडेला २० बाय ३० चा प्लॉट शंभराच्या बॉण्डवर घेतला. तुकडेबंदीमुळे, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे करून विकायला बंदी घालणाऱ्या कायद्यामुळे, रजिस्ट्री होत नव्हती, आणि आजूबाजूचे सगळे तसेच घेत होते. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच राहिलं. तो वारला, पाच वारस लागले. त्यातली एक लेक सोलापूरला, एक मुलगा मुंबईत. सहा वर्षं मी त्यांच्या सह्यांमागे फिरलो. शेजारच्या प्लॉटवाल्यांशी तेव्हा साधी ओळखही नव्हती. नंतर आम्ही अकरा जण एकत्र झालो, एकच वकील लावला, तेव्हा कुठं काम हललं. ती ओळख खरेदीच्या आधी करायला हवी होती, हे मला अजून लागतं.

परभणी
माझा व्यवहार झालाच नाही, तरी सांगतो. पाच एकरांचा तुकडा होता, सातबारा स्वच्छ, इसाराची तारीखही ठरलेली. आमच्या गल्लीत एक निवृत्त तलाठी काका राहतात. त्यांच्याकडे सहज बसलो तर म्हणाले, "सातबारा काय बघायलास? १९५४-५५ चा खासरा काढ." खासरा म्हणजे जमीन कुणाची, कसली, याची जुनी सरकारी नोंद. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळाली. त्यात 'खिदमतमाश' असा शेरा. म्हणजे देवस्थान, मशीद, दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली इनाम जमीन. ती अशी विकता येतच नाही. आज मोठ्या गुंतवणूकदारांच्या बैठकांपेक्षा मला त्या काकांचा ओटा जवळचा वाटतो. आता जागा दाखवली की आधी खासरा पत्रक, मग सगळे फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी), मग भोगवटादार वर्ग १ की २ (वर्ग २ ची जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही), आणि शेवटी भाव.

जालना
आम्ही चौघं. एकाचं बियाण्यांचं दुकान, दोघं शिक्षक, मी बँकेत. एकट्याच्या ऐपतीत एनए (बिगरशेती) प्लॉट बसत नव्हता, म्हणून पैसे एकत्र केले. दोस्तीत लिहायचं कशाला, असं तिघांचं म्हणणं होतं. मी अडून बसलो. खरेदीखतात चौघांची नावं आणि हिस्से घातले. वेगळा करार केला की कुणाला बाहेर पडायचं असेल तर पहिला हक्क उरलेल्यांचा. तीन वर्षांनी एकाच्या मुलीचं लग्न निघालं. करारात ठरल्याप्रमाणे आम्ही त्याचा हिस्सा घेतला. दोस्ती तशीच आहे, रविवारचा चहाही सुटलेला नाही.

नांदेड
थोडक्यात लिहितो. मोठ्या प्रकल्पात जागा घेणार असाल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागा आणि तो संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. मी पैसे भरले त्या प्रकल्पाच्या ब्रोशरवर दुसऱ्याच प्रकल्पाचा क्रमांक छापला होता. भरलेली रक्कम परत मिळाली, पण दीड वर्षाने.

लातूर
मी शिक्षिका. नीटच्या तयारीला येणारी मुलं इथं खोल्या शोधत असतात, म्हणून दोन खोल्यांची सदनिका माझ्या नावावर घेतली. घर बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पण जागा दाखवणारा बोलायचा माझ्या नवऱ्याशीच. भाडं किती येईल हे तो आणि नवरा दोघंही सांगायचे, बोअरला मे महिन्यात किती तास पाणी असतं ते कुणीच सांगेना. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आणलेलं पाणी ज्यांनी भरलंय, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारलं, त्यांनी खरं ते सांगितलं. आता आमच्या भिशीतल्या पाच जणी मिळून जागा बघतो. एकीची बहीण दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त लिहायला बसते, ती सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या खरेदीचा गोषवारा, वाचून दाखवते. मागच्या आठवड्यात औसा रोडला एक जागा पाहिली. विहिरीला पाणी आहे. परभणीच्या दादांचं वाचून आजच ठरवलंय, सोमवारी तहसीलला जाऊन खासरा काढायचा.