ढाक्याची खुर्ची आणि न्हावा शेवाचे शर्ट

सोसायटी ग्रुप, रविवार, १८ मे २०२५

निखिल (सी विंग): फॉरवर्डेड: "भारताचा मोठा दणका! बांगलादेशी कपड्यांवर बंदी!!"

निखिल (सी विंग): एक नंबर काम. पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं बंद केली, आता हे.

पाटील काका: बंदी नाही रे बाबा, नीट वाच. काल डीजीएफटीचं, म्हणजे दिल्लीच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचं नोटिफिकेशन आलंय. तयार कपडे आता जमिनीवरच्या नाक्यांवरून येणार नाहीत, फक्त दोन बंदरांतून येतील. कोलकाता आणि न्हावा शेवा. म्हणजे आमच्या दारात. कालपासून फोन खाली ठेवता आलेला नाही.

सावंत (सेक्रेटरी): म्हणजे तुमचा धंदा वाढला की पाटीलसाहेब. रंगकामाच्या वर्गणीचं तेवढं बघा.

पाटील काका: वाढेल तेव्हा वाढेल, आत्ता नुसत्या शिव्या खातोय. एक पार्टी विचारते, माझा ट्रक पलीकडे उभा आहे त्याचं काय? मी काय सांगू? आजवर शर्ट ढाक्याजवळ शिवला, ट्रकात टाकला, बेनापोल-पेट्रापोलचा सीमानाका ओलांडला की कोलकात्याच्या गोडाऊनला. आता तोच माल चितगावला न्या, छोट्या फीडर जहाजावर चढवा, बहुतेक वेळा कोलंबोला उतरवून दुसऱ्या जहाजावर टाका, मग न्हावा शेवा, मग सीएफएस म्हणजे कंटेनरचं गोडाऊन, बिल ऑफ एन्ट्री म्हणजे कस्टमचे आयातीचे कागद, तपासणी. आणि गिऱ्हाईक गुवाहाटीचं निघालं तर? शेजारच्या अंगणातला माल अख्ख्या भारताला वळसा घालून घरी. स्वस्त शर्टात एवढं भाडं बसत नाही.

निखिल (सी विंग): बसू नयेच काका. तोच तर हेतू आहे.

शिंदे (ए विंग): निखिलशेठ, जरा दमानं. बांगलादेश आमच्या कांद्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. भाऊ निफाडला आहे, लासलगावला माल घालतो. तुम्ही इकडून शर्ट अडवले आणि त्यांनी तिकडून कांदा अडवला तर भाव कुणाचा पडणार? आता तर त्यांचा स्वतःचा कांदा बाजारात आहे, आयात परवाने द्यायला आधीच हात आखडता.

देशमुख काकू: एक हसीनाबाई काय गेली, सगळंच फिरलं. मला तर कळतच नाही, एवढी मैत्री होती ती दहा महिन्यांत गेली कुठे?

ऋतुजा (बी विंग): काकू, क्रमाने सांगते, माझं आत्ताच रिव्हिजन झालंय. जून २०२४ ला तिथल्या हायकोर्टाने स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांचा ३० टक्के नोकरीतला कोटा परत आणला, विद्यार्थी रस्त्यावर आले. सुप्रीम कोर्टाने २१ जुलैला तो ५ टक्क्यांवर आणला, पण तोवर गोळीबार झाला होता आणि प्रश्न कोट्याचा राहिलाच नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात १४०० पर्यंत माणसं गेली असावीत असं म्हटलंय. ५ ऑगस्टला पंतप्रधान हसीना देश सोडून दिल्लीजवळ हिंडनच्या विमानतळावर उतरल्या, ८ ऑगस्टला युनूस यांनी हंगामी सरकारचे प्रमुख म्हणून शपथ घेतली. नोव्हेंबरात कराचीहून थेट मालवाहू जहाज चितगावला लागलं, कित्येक दशकांत पहिल्यांदा. फेब्रुवारीत पाकिस्तानकडून सरकारी पातळीवर तांदूळ, १९७१ नंतर पहिल्यांदा. मार्चअखेर युनूस बीजिंगला, आणि तिथे म्हणाले की भारताची ईशान्येकडची सात राज्यं समुद्रापासून तुटलेली आहेत, तिथल्या समुद्राचे रखवालदार आम्हीच.

ऋतुजा (बी विंग): ४ एप्रिलला बँकॉकमध्ये मोदी आणि युनूस भेटले. चारच दिवसांनी, ८ एप्रिलला, आपण त्यांची ट्रान्सशिपमेंटची सोय काढून घेतली. २०२० पासून त्यांचा माल आपल्या विमानतळांवरून आणि बंदरांतून परदेशी जायचा, तो थांबला. १३ तारखेला त्यांनी आपल्या सुतासाठी जमिनीवरची नाकी बंद केली. आणि काल आपण शर्ट.

पाटील काका: सुताचं खरं आहे. तेही आता समुद्रानेच न्यायचं. गंमत बघा, सूत आपलं, शर्ट त्यांचे, आणि दोन्हीकडचे गिरणीवाले वेळेवर माल मिळत नाही म्हणून सारखेच बोंबलतायत.

निखिल (सी विंग): म्हणजे ज्याने सुरू केलं त्याने भोगावं. हसीना होत्या तोवर असं काही नव्हतं.

देशमुख काकू: नव्हतं कसं? आमच्या वरुडच्या संत्र्याचं विचारा ना. २०१९ ला बांगलादेशात किलोमागे वीस रुपये ड्यूटी होती. दरवर्षी वाढवत २०२३ मध्ये ८८ रुपये केली. तेव्हा तिथे कोण होतं? हसीनाच. भाऊ म्हणायचा, संत्रं फुकट दिलं तरी तिकडे महाग पडेल. आपल्या सरकारला अनुदान द्यावं लागलं. मैत्री दिल्लीत होती, बागेत नव्हती.

शिंदे (ए विंग): काकू, आपणही कमी नाही. सप्टेंबर २०१९ ला एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद. पुढच्याच आठवड्यात हसीना दिल्लीत आल्या आणि भर कार्यक्रमात हिंदीत बोलल्या की आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मी स्वयंपाक्याला कांदा टाकू नको म्हणून सांगून आलेय. सगळे हसले. इकडे निफाडात कुणी हसलं नाही. मग २०२० ला पुन्हा बंदी, डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी, मे २०२४ पर्यंत. उरलंसुरलं २० टक्के निर्यात शुल्क आत्ता १ एप्रिलला गेलं. मित्राच्या राज्यात ही तऱ्हा.

निखिल (सी विंग): मग हसीनांचा फायदा काय झाला आपल्याला?

पाटील काका: तो मोठा होता, नाकारू नका. २००४ ला चितगावात दहा ट्रक शस्त्रं पकडली, आसामातल्या उल्फा या फुटीर संघटनेसाठी निघालेली. तेव्हा हसीनांच्या विरोधक खालिदा झियांचं सरकार. हसीना २००९ ला आल्या आणि वर्षाच्या आत उल्फाचा अध्यक्ष आपल्या ताब्यात. आसामला त्याचा केवढा फरक पडला ते तिथे नोकरी केलेल्याला विचारा. माझा मेव्हणा होता तिनसुकियाला.

ऋतुजा (बी विंग): आणि २०१५ चा सीमा करार. एकमेकांच्या हद्दीत अडकलेली १६२ गावठाणं अदलाबदल झाली. पण काका, याची किंमतही होती. २०१४ च्या निवडणुकीत ३०० पैकी १५३ जागांवर मतदानच झालं नाही, समोर उमेदवार नव्हता. २०२४ लाही मुख्य विरोधकांचा बहिष्कार. आपण दोन्ही वेळा लगेच अभिनंदन केलं. लोकांचा राग हसीनांवर होता, तो आपल्यावरही आला. आपण देशाशी कमी आणि एका घराण्याशी जास्त संबंध ठेवला असं माझं स्पष्ट मत आहे.

निखिल (सी विंग): हे जरा जास्तच होतंय. बाकीचे सगळे भारतविरोधीच होते तर संबंध ठेवणार कुणाशी?

सावंत (सेक्रेटरी): मंडळी, राजकारण चालेल, पक्ष नको. आणि तीन वाजता टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा.

गोखले आजोबा: मी थोडं लिहितो, सकाळपासून वाचतोय. निखिल बाळा, हे पहिल्यांदा घडत नाहीये. १५ ऑगस्ट १९७५. आपल्याकडे आणीबाणी, आणि पहाटे ढाक्यात लष्कराच्या काही अधिकाऱ्यांनी हसीनांचे वडील, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शेख मुजीब यांना कुटुंबासकट मारलं. हसीना आणि धाकटी बहीण रेहाना युरोपात होत्या म्हणून वाचल्या. पुढे १९८१ पर्यंत हसीना दिल्लीतच राहिल्या, इंदिराबाईंनी आसरा दिला. म्हणजे गेल्या ऑगस्टचं दिल्लीला येणं हे त्यांचं दुसरं.

गोखले आजोबा: आता गंमत अशी. सौदी अरेबियाने मुजीब असेपर्यंत बांगलादेशला मान्यता दिली नव्हती. ती आली १६ ऑगस्टला, दुसऱ्या दिवशी. चीनने तर १९७२ ला संयुक्त राष्ट्रांत त्यांचा प्रवेश व्हेटो करून अडवला होता. त्या चीनची मान्यता ३१ ऑगस्टला. एक माणूस गेला आणि पंधरवड्यात दारं उघडली. जग खुर्ची रिकामी व्हायचीच वाट बघत असतं. तेव्हा सौदी आणि चीन, आता चीन आणि पाकिस्तान.

निखिल (सी विंग): म्हणजे मी म्हणतो तेच. माणूस बदलला की सगळं बदलतं.

गोखले आजोबा: पुढे वाच. नंतर खालिदांचे पती झियाउर रहमान सत्तेवर आले. भारताशी छत्तीसचा आकडा. १९७६ ला त्यांनी गंगेवरच्या आपल्या फराक्का बंधाऱ्याचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. म्हातारे मौलाना भाशानी लाखभर लोक घेऊन फराक्काच्या दिशेने चालत निघाले. वाटलं होतं, संपलं आता. आणि नोव्हेंबर १९७७ ला त्याच झियांच्या सरकारशी आपण गंगेच्या पाण्याचा पाच वर्षांचा करार केला. आपल्याकडेही तोवर इंदिराबाई जाऊन मोरारजी आले होते. मैत्रीच्या सरकारशी जो दीर्घ करार झाला नव्हता तो भांडणाऱ्याशी झाला. कारण उन्हाळ्यात पाणी दोघांनाही लागतं.

पाटील काका: आजोबा, हे पटलं. आताही बघा ना, एवढं तणतणून डिसेंबरात युनूस सरकारने आपल्याकडून तांदूळ घेतलाच. झारखंडच्या गोड्ड्याहून अदानींची वीज जाते. नोव्हेंबरात थकबाकीवरून पुरवठा निम्मा केला होता, मग पैसे आले, वीज आली. त्यात ना मैत्री ना दुश्मनी.

ऋतुजा (बी विंग): पण आजोबा, एक फरक आहे. १९७५ ला चीनकडे फक्त मान्यता होती द्यायला. आता पैसा आहे, बंदरं बांधायची ताकद आहे. तीस्ता नदीचंच घ्या. हसीना गेल्या जुलैत बीजिंगहून परतल्यावर म्हणाल्या होत्या की तीस्ता प्रकल्प भारताने करावा असं मला वाटतं. आता युनूस यांनी चिनी कंपन्यांना त्यासाठी बोलावलंय, त्यांचं मोंगला बंदरही आहेच. तीस्ता आपल्या ईशान्येला जोडणाऱ्या सिलीगुडीच्या चिंचोळ्या पट्टीपासून किती जवळ आहे ते नकाशावर बघा. एकदा तिथे चिनी इंजिनिअर बसले की ढाक्यात पुढचं सरकार कुणाचंही येवो, ते उठणार नाहीत.

गोखले आजोबा: हे मात्र खरं. सरकार पडतं, बांधलेलं बंदर पडत नाही.

देशमुख काकू: आणि व्हिसाचं काय हो? ताईंच्या कोलकात्याच्या शेजारणीचं गेस्ट हाऊस आहे हॉस्पिटलजवळ. सगळे बांगलादेशी पेशंट असायचे. आता आपण मोजके वैद्यकीय व्हिसा सोडले तर देतच नाही, खोल्या ओस.

ऋतुजा (बी विंग): ते पेशंट आता चीनमध्ये कुनमिंगला न्यायचं चाललंय काकू. मार्चमध्ये पहिली तुकडी गेलीसुद्धा.

शिंदे (ए विंग): घ्या. शर्ट अडवून आपण त्यांना धडा शिकवतोय आणि पेशंट स्वतःहून चीनला देतोय.

निखिल (सी विंग): बरं, मग तुमचं म्हणणं काय, गप्प बसायचं? कराचीचं जहाज येऊ द्यायचं?

पाटील काका: जहाज येऊ दे की, एक जहाज आलं म्हणून काय झालं. शर्टासाठी न्हावा शेवा उघडं ठेवलंय यातच दिल्लीने दार पूर्ण लावलेलं नाही असं मी समजतो. नेपाळ-भूतानला जाणारा माल, मासळी, खडी, खाद्यतेल, गॅस यांनाही हा नियम नाही. कान पिळलाय, हात तोडलेला नाही. पण लवकर कुणीतरी बोलायला बसलं पाहिजे.

गोखले आजोबा: बसावंच लागेल, कारण तारीख ठरलेली आहे. १२ डिसेंबर १९९६ चा गंगा करार तीस वर्षांचा, म्हणजे डिसेंबर २०२६ ला संपतो. हसीना आणि देवेगौडांनी केलेला. दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मे, दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांनी फराक्काचं पाणी वाटतात. प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा त्याखाली असेल तर निम्मं निम्मं. नवीन करार करायला समोर कोण असेल, तेच माहीत नाही. युनूस म्हणतात निवडणूक येत्या डिसेंबर ते जूनच्या मध्ये कधीतरी, खालिदांच्या बीएनपी पक्षाला डिसेंबरच हवा, आणि हसीनांच्या अवामी लीगच्या कामावर तर याच महिन्यात बंदी घातली.

निखिल (सी विंग): आणि तोवर नवा करार झालाच नाही तर?

गोखले आजोबा: १९८८ ते १९९६ मध्ये करार नव्हताच. दर उन्हाळ्यात कुरबुर व्हायची आणि त्यांच्याकडे निवडणुकीला पाण्यावर मतं मागायचे. बीएनपीचं तर ते हुकमी भाषण. येणार तेच दिसतायत.

शिंदे (ए विंग): मग आत्तापासूनच त्यांच्याशी बोलायला लागा म्हणावं दिल्लीला. कांद्याचाही विषय त्यातच काढा.