मदत हवी आहे: फ्रिज-फ्रीझरच्या निर्यातीचा रोख नेमका कुठे आहे?

नमस्कार मंडळी,

आमचं युनिट फ्रिजच्या दाराची गॅस्केटं बनवतं. लोक त्याला ‘दाराचं रबर’ म्हणतात, पण रबर नसतंच ते. मऊ पीव्हीसीची पोकळ पट्टी आणि तिच्या पोटात लवचिक चुंबक. एक्स्ट्रूडरमधून (प्लास्टिक वितळवून डायमधून, म्हणजे साच्यातून, ढकलणारं यंत्र) प्रोफाइल, म्हणजे ठरावीक छेदाची पट्टी, काढायचं, चुंबक सरकवायचा, ४५ अंशात कापून चारही कोपरे वेल्ड करायचे आणि फ्रेम वाकडी होणार नाही अशा बेताने पेटीत भरायची. आमची मुख्य पार्टी घरगुती फ्रिज आणि डीप फ्रीझर बनवते आणि तिचा बराचसा माल आता परदेशी जातो.

पार्टीकडून सध्या दोन सूर ऐकू येतात. डिझाइनवाले म्हणतात, चार दारांचे रुंद फ्रिज येणार, नव्या प्रोफाइलची तयारी ठेवा. विक्रीवाले म्हणतात, ते सगळं कागदावर. निर्यातीचा खरा माल म्हणजे अरुंद दोन-दारी फ्रिज आणि चेस्ट फ्रीझर (वर झाकण असलेली आडवी पेटी). दोघांचं ऐकायचं तर दोन डाय, दोन प्रकारचे जिग (वेल्ड करताना पट्टी पकडून ठेवणारे साचे), आणि आम्हाला एका वेळी एकच झेपेल. त्यात खरेदी विभागाचं पत्र आलंय: कंपाउंडमध्ये, म्हणजे पीव्हीसीच्या मिश्रणात, ठरावीक प्लास्टिसायझर (पीव्हीसी मऊ करणारी रसायनं) चालणार नाहीत, आणि मॉडेल बंद झाल्यावरही १० वर्षं गॅस्केट पुरवण्याची लेखी तयारी द्या. १० वर्षं! तोवर डाय गंजून जाईल.

वाचून जे कळलं ते असं. फ्रिज थंड करणाऱ्या गॅसच्या बाबतीत सगळे आयसोब्युटेनकडे, म्हणजे आर-६००एकडे वळलेत. युरोपात १ मार्च २०२१ पासून ए ते जी असं नवं ऊर्जा लेबल आलं. मोठ्या कंपन्या एकमेकींचे कारखाने विकत घेत सुटल्यात: २०१६ मध्ये हायरने जीई अप्लायन्सेस घेतली, २०१८ मध्ये हायसेन्सने गोरेन्ये, आणि २०२४ मध्ये व्हर्लपूलचा युरोपातला धंदा तुर्कस्तानच्या आर्चेलिककडे गेला. पण यातून गॅस्केटवाल्याने काय घ्यायचं, तिथेच घोडं अडलंय.

म्हणून विचारतो. मोठे फ्रिज खरंच दूरवर निर्यात होतात का? लेबलाच्या कडक नियमांचा दाराच्या सीलशी कितपत संबंध येतो? आणि प्लास्टिसायझर नि १० वर्षांचं हे प्रकरण पार्टीचा हट्ट आहे की कुठला कायदा? या क्षेत्रातलं कुणी असेल तर कृपया लिहा.

---

प्रतिसाद (कंटेनरवाला)

पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, माझं सगळं आयुष्य पेट्या मोजण्यात चाललंय.

फ्रिज निर्यात करणं म्हणजे हवा निर्यात करणं. वजनाने कंटेनर कधीच भरत नाही, जागेने भरतो. ४० फुटी हाय क्यूब कंटेनर आतून साधारण १२.०३ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद; दाराची उंची सुमारे २.५८ मीटर. आता ६० सेंमी रुंदीचा फ्रिज घ्या. थर्मोकोल आणि खोका धरून त्याची पेटी ६४ सेंमीची होते. आडव्या ओळीत तीनच बसतात, उरलेली जागा वाया. तोच फ्रिज ५५ सेंमीचा केला आणि पेटी ५८ सेंमीत आणली, की ओळीत चार बसतात. ग्राहकाला पाच सेंमीचा फरक जाणवतही नाही, पण भाड्याचं गणित पार उलटतं. ८५ सेंमी उंचीच्या छोट्या फ्रिजचंही तसंच. पॅकिंग आटोपशीर असेल तर तीन थर लागतात, नाहीतर दोनवरच थांबायचं.

९१ सेंमी रुंदीच्या चार-दारी धुडाला मात्र हे नखरे परवडत नाहीत. पेटीची खोली ७८ सेंमीच्या आत ठेवली तर कसेबसे ३६ नग जातात, नाहीतर ३०. म्हणून मोठे फ्रिज शक्यतो बाजाराजवळ बनतात: अमेरिकेसाठी मेक्सिकोत, युरोपसाठी तुर्कस्तानात आणि पूर्व युरोपात. हायरने रुमानियात फ्रिजचा कारखाना टाकला आणि हायसेन्सने सर्बियात, ते याच हिशोबाने. २०२१ मध्ये समुद्रभाडं आभाळाला भिडलं आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जहाजं जाऊ लागली, तेव्हापासून तर हा कल पक्काच झाला. दूरवर जातात ते छोटे फ्रिज, चेस्ट फ्रीझर, आणि सुटे भाग. काँप्रेसर, सर्किट बोर्ड आणि हो, गॅस्केटसुद्धा.

अमेरिकेचं वेगळं. जून २०२५ मध्ये त्यांनी फ्रिज-फ्रीझरमधल्या पोलादाच्या किमतीवर ५० टक्के आयातशुल्क लावलं. हे दर वरचेवर बदलतात, त्यामुळे ताजा आकडा कस्टम एजंटलाच विचारा. पण अमेरिकेच्या भरवशावर कुणी डाय पाडायला सांगत असेल तर मी दोनदा विचार करेन.

---

प्रतिसाद (थर्मोकपल)

चाचणी प्रयोगशाळेत काम करतो, लेबलाचं मी बघतो.

गॅसची चर्चा संपल्यात जमा आहे, तिच्यात वेळ घालवू नका. युरोपने २०१५ पासून १५० किंवा जास्त तापमानवाढ क्षमतेचे (कार्बन डायऑक्साइडची १ धरून) एचएफसी, म्हणजे फ्लोरिनयुक्त गॅस, असलेले घरगुती फ्रिज बंद केले (जुना आर-१३४ए १४०० च्या घरात, आयसोब्युटेन जेमतेम ३), आणि २०२४ च्या नव्या नियमाने १ जानेवारी २०२६ पासून फ्लोरिनयुक्त गॅस जवळपास सरसकट बाद. अमेरिका मागे राहिली होती, कारण तिथे ज्वलनशील गॅसची मर्यादा ५७ ग्रॅम होती. मोठ्या फ्रिजला तेवढ्यात भागत नाही. २०१८ मध्ये ती १५० ग्रॅम झाली आणि वाट मोकळी झाली.

तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे ते लेबल. आयईसी ६२५५२ या आंतरराष्ट्रीय चाचणी मानकाप्रमाणे फ्रिज १६ आणि ३२ अंशांच्या खोलीत ठेवून वीज मोजतात, आणि वीज मोजताना दारं बंद असतात. उघडझाप नाही. म्हणजे आत शिरणारी उष्णता दोनच वाटांनी येते, भिंतीतून आणि दाराच्या कडेने. भिंतीचा फोम सुधारत गेला, कुठे कुठे व्हॅक्यूम पॅनेल आलं, तसतसा कडेचा वाटा टोचायला लागला. जुनं लेबल होतं तेव्हा गॅस्केटकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता एका वर्गातून वरच्या वर्गात जायला साधारण २० टक्के वीज कमी करावी लागते (वर्ग ठरवणारा वीजवापराचा निर्देशांक १२५, १००, ८०, ६४, ५१, ४१ असा उतरतो) आणि १ मार्च २०२४ पासून युरोपात बहुतेक नेहमीच्या फ्रिजांना ई च्या खालचा वर्ग चालतच नाही. जो एफ मध्ये निवांत होता, त्याची झोप उडाली.

आता एक हिशोब स्वतः करून बघा. ६० सेंमी रुंद, १७५ सेंमी उंच एकदारी कपाट: गॅस्केट ४.७ मीटर. त्याचीच दोन दारं केली तर ५.९ मीटर. ९१ बाय १७८ चं चार-दारी: पावणेअकरा मीटरच्या आसपास. गळतीची कड दुपटीहून जास्त! वर मधल्या उभ्या पट्टीवर दव धरू नये म्हणून तिथे हीटर, म्हणजे पुन्हा वीज. म्हणून असल्या मॉडेलला एकपोकळी प्रोफाइल चालत नाही. दोन-तीन कप्प्यांचं, आतल्या बाजूने हवा अडवणारी जिभली असलेलं लागतं. तुमचे डिझाइनवाले ज्या ‘नव्या प्रोफाइल’बद्दल बोलतात ते बहुधा हेच.

काँप्रेसरचं थोडं अवांतर. इन्व्हर्टर सगळीकडे का पसरला याचं उत्तर लोक फक्त वीजबचत असं देतात. निर्यातदाराला त्याचा दुसराच फायदा आहे. साधा काँप्रेसर ५० हर्ट्झवर एक वेग धरतो, ६० वर त्याहून जास्त. सौदी अरेबियात ६० हर्ट्झ, अमेरिकेत ११५ व्होल्ट ६० हर्ट्झ, जपानमध्ये १०० व्होल्ट आणि त्यातही पूर्वेला ५० तर पश्चिमेला ६०. इन्व्हर्टरचा बोर्ड आधी डीसी करतो आणि मग हवी ती फ्रिक्वेन्सी स्वतः तयार करतो. बोर्ड बदलला की भागतं, यंत्रणा तीच. हवामान-वर्गाला मात्र पळवाट नाही: टी (उष्ण प्रदेश) वर्गाचा फ्रिज ४३ अंशांपर्यंत चालून दाखवावाच लागतो. आखातातला माल असेल तर पार्टीला हा वर्ग आधी विचारून घ्या. तापमानातली तफावत जितकी जास्त, तितका सीलवर ताण.

---

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. गॅस्केटच्या लांबीचा हिशोब आम्ही रोज करतो, पण माल किती लागेल म्हणून. गळती किती म्हणून कधी केला नव्हता.

एक शंका. चेस्ट फ्रीझरचं झाकण वर असतं, थंड हवा जड, ती खालीच बसून राहते. मग तिथे साधं प्रोफाइल चालेल ना? आणि पत्रातल्या दोन अटींबद्दल कुणीच बोललं नाही.

---

प्रतिसाद (थर्मोकपल)

हवेबद्दल बरोबर. झाकण उघडलं तरी थंडी उभ्या फ्रीझरइतकी सांडत नाही, म्हणून चेस्ट फ्रीझर मुळातच काटकसरी. पण आत उणे १८, बाहेर ३२. झाकणाच्या कडेला फट राहिली की बाहेरची दमट हवा शिरते आणि तिथे बर्फाची कड धरते. मग झाकण आणखी उचललं जातं. साधं प्रोफाइल चालेल, पण कंपाउंड थंडीत ताठ न होणारं हवं. कोपऱ्याच्या वेल्डजवळ तपासा, बहुतेक फटी तिथेच सापडतात.

---

प्रतिसाद (नियमपुस्तक)

अटींबद्दल. पार्टीचा हट्ट नाही, दोन्ही युरोपचे नियम आहेत.

पत्रातले प्लास्टिसायझर म्हणजे थॅलेट गटातली चार रसायनं: डीईएचपी, बीबीपी, डीबीपी, डीआयबीपी. आरओएचएस या घातक पदार्थांवरच्या निर्देशाखाली २२ जुलै २०१९ पासून घरगुती विद्युत उपकरणांत प्रत्येकी ०.१ टक्क्याची मर्यादा. यातली मेख अशी की टक्केवारी ‘एकजिनसी पदार्था’वर धरतात. म्हणजे अख्ख्या फ्रिजच्या वजनावर नाही, तुमच्या पट्टीतल्या पीव्हीसीवर. मऊ पीव्हीसीत प्लास्टिसायझर भरपूर असतं, त्यामुळे जुन्या पद्धतीचं डीईएचपीवालं कंपाउंड मर्यादेच्या कितीतरी पट वर जातं. डीओटीपीसारखे थॅलेट-बंदीत न येणारे पर्याय मिळतात आणि सर्रास वापरात आहेत. धोका वेगळाच आहे: जुन्या पीव्हीसीचा परत दळलेला भुगा. बाहेरून आणलेल्या भुग्यात जुनं डीईएचपी असलं तर नव्या कंपाउंडचा रिपोर्ट स्वच्छ असूनही माल नापास होतो. निर्यातीच्या बॅचमध्ये बाहेरचा भुगा घालूच नका, आणि कंपाउंड बदलताना एक्स्ट्रूडर नीट साफ करून घ्या.

१० वर्षांचं म्हणाल तर, २०२१ पासून लागू झालेल्या युरोपच्या इकोडिझाइन नियमात ते स्पष्ट आहे. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून थर्मोस्टॅट, सेन्सर, सर्किट बोर्ड, दिवे, बिजागऱ्या, ट्रे वगैरे ७ वर्षं. दाराचं गॅस्केट १० वर्षं. सगळ्या भागांत सर्वांत लांब मुदत तुमच्याच वाट्याला आलीय. आणि गॅस्केट फक्त मेकॅनिकलाच नाही, थेट ग्राहकालाही मिळायला हवं. मागणी आल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत पोचवायचं. अर्थात कायद्याची जबाबदारी उत्पादकाची किंवा आयातदाराची. तुमच्यावर येते ती कराराने. तेव्हा करारात काय लिहिता ते बघा.

---

प्रतिसाद (बिजागरी)

दुसऱ्या सुट्या भागाचा पुरवठादार आहे, म्हणून अनुभवाचं सांगतो. १० वर्षांसाठी माल साठवून ठेवायच्या फंदात पडू नका. पीव्हीसी पडून पडून ताठ होतं, घड्या धरतं, शेवटी तो साठा फेकावाच लागतो. साठवायचं ते ड्रॉइंग आणि डाय. प्रोफाइलचा छेद तोच ठेवला तर मॉडेल बदललं तरी फक्त कापायची लांबी बदलते. म्हणून पार्टीला एकच गोष्ट पटवा: सगळ्या निर्यात मॉडेलांत दाराच्या लायनरची (आतल्या प्लास्टिक अस्तराची) खाच एका मापाची ठेवा. गॅस्केट स्क्रूने आवळायचे दिवस गेले, आता खाचेत दाबून बसवतात. खाच एक तर प्रोफाइल एक, आणि ग्राहकालाही घरी बदलता येतं. करारात ‘साठा ठेवू’ असं लिहू नका, ‘ऑर्डर आल्यापासून इतक्या दिवसांत बनवून देऊ’ असं लिहा, आणि किमान ऑर्डरचा आकडा घाला.

डायबद्दल माझं मत विक्रीवाल्यांच्या बाजूने. वर कंटेनरवाल्यांनी दाखवलंच की दूर जाणारा माल अरुंद फ्रिज आणि चेस्ट फ्रीझर. पण प्रोफाइल साधं नका घेऊ, थर्मोकपल म्हणतात तसं दोन कप्प्यांचं घ्या. लेबल कडक होत जाणार, तेव्हा अरुंद फ्रिजलाही तेच लागेल, आणि उद्या चार-दारी आलंच तर बाहेरच्या कडांना तीच डाय कामाला येईल. मधल्या उभ्या पट्टीचं तेव्हाचं तेव्हा बघू.

---

धागाकर्ता

हे पटलं. पार्टीच्या डिझाइनवाल्यांकडे चालू मॉडेलांच्या खाचेची मापं मागतो, बघू किती प्रकार निघतात ते. कंपाउंडवाल्याला डीओटीपीचा नमुना आणि थॅलेट रिपोर्ट दोन्ही पाठवायला सांगितलंय. भुग्याचं मात्र आजच बंद केलं.

वेगवेगळ्या लांबीला जुळवता येणारं कोपरा-वेल्डिंग जिग कुणी वापरलं असेल तर सांगा: उणे तापमानाच्या मालात त्याचे कोपरे टिकतात का?