अंदाजपत्रक शिल्लकी, मग गटारीवरच्या ढाप्याला (झाकणाला) पैसे का नाहीत? पालिकेतलं कळणारं कुणी असेल तर सांगा

वॉर्ड_सातची_रहिवासी

नमस्कार मंडळी. आमचं गाव ब वर्ग नगरपरिषदेचं, नाव मुद्दाम लिहीत नाही. जवळपास चार वर्षं प्रशासक होते, डिसेंबर २०२५ मध्ये एकदाची निवडणूक झाली आणि नवीन नगराध्यक्षा थेट लोकांमधून निवडून आल्या. बाई खरंच कामाच्या वाटतात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येक गल्लीत आल्या, शाळेच्या गॅदरिंगला होत्या, दर शनिवारी सकाळी एका वॉर्डात पायी फिरतात, सोबत आरोग्य निरीक्षक आणि पाणीपुरवठ्याचा एक माणूस असतो. आमच्या गल्लीत आल्या तेव्हा मी त्यांना अंगणवाडीसमोरचा गटारीवरचा ढापा दाखवला. अर्धा तुटून आत गेलाय, सळया वर आल्यात, आम्ही त्यावर जुना दरवाजा टाकलाय आणि लेकरं त्याच्यावरून जातात, रोज सकाळी एक जण तरी हात धरायला उभं राहावं लागतं. त्यांनी वाकून बघितलं, वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, ताई, पालिकेत पैसाच नाही हो, वर पाठपुरावा चालू आहे, निधी आला की पहिलं तुमचं.

मग आठ दिवसांनी पेपरात बातमी, पालिकेचं शिल्लकी अंदाजपत्रक मंजूर, कोणतीही करवाढ नाही. कोटीत शिल्लक! आता मला सांगा, शिल्लक आहे तर ढाप्याला पैसे का नाहीत? कुणी खोटं बोलतंय असं मला म्हणायचं नाहीये, पण घर चालवणाऱ्या बाईला हे गणित कळत नाही. आणि दुसरं, या ज्या भेटी, सत्कार, कार्यक्रम होतात त्याचा खर्च आपल्या घरपट्टीतून होतो का? आमची घरपट्टी आम्ही एप्रिलमध्येच भरतो म्हणून विचारते.

निवृत्त_लेखा_विभाग

ताई प्रश्न फार चांगला विचारलात. मी नगरपालिकेच्या लेखा शाखेत नोकरी केली, आता रिटायर. जमेल तेवढं सोपं करून सांगतो, थोडं लांबेल.

आधी शिल्लक म्हणजे काय ते. पालिकेच्या अंदाजपत्रकात जो मोठा आकडा दिसतो त्यातला बहुतेक पैसा पालिकेचा नसतोच. समजा तुमच्या घरात तीन डबे आहेत, एकात मुलीच्या फीचे पैसे, एकात भिशीचे लोकांचे पैसे आणि एकात किराण्याचे, आणि तुम्ही तिन्ही मोजून म्हणालात की घरात भरपूर शिल्लक आहे, तर ते खरंय पण भाजी आणायला किराण्याच्याच डब्यात हात घालावा लागतो ना. पालिकेचंही तसंच. वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून येणारा पैसा वेगळ्या खात्यात, नगरोत्थान या राज्याच्या योजनेचा वेगळ्या, वस्ती सुधारणेचा वेगळ्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते मार्च २०२६) अनुदानात आपल्यासारख्या गावांना ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायची होती, त्यातली अर्धी पाण्यासाठी आणि अर्धी स्वच्छता-घनकचऱ्यासाठी. उरलेली ४० टक्के अबंधित, पण तिच्यातून पगार करता येत नव्हते. मार्चअखेर जो पैसा खर्च व्हायचा राहतो तो पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आरंभीची शिल्लक म्हणून येतो. त्यात ठेकेदारांची अनामत, कर्मचाऱ्यांच्या पगारातली कपात, शासनाचा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर, जो पालिका घरपट्टीच्या बिलातच वसूल करते आणि पुढे शासनाला भरते, हे सगळं जमेला दिसतं. बेरीज कोटीत जाते आणि पेपरवाल्याला तेवढीच ओळ मिळते.

किराण्याचा डबा कुठला, तर घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, आठवडी बाजाराची फी, बांधकाम परवानगीची फी आणि गावात जमीन-घराची खरेदी झाली की मुद्रांक शुल्कासोबत मालमत्तेच्या किमतीवर जो १ टक्का अधिभार असतो तो, आणि तोही शासनाकडून उशिरा येतो. एवढ्यात दिवाबत्तीचं वीजबिल, पंपाचं वीजबिल, तुरटी, ब्लीचिंग, ट्रॅक्टरचं डिझेल आणि तुमचा ढापा. पंपाचं बिल हा सगळ्यात मोठा खड्डा, कारण पाणीपट्टी वर्षाची ठरलेली असते आणि मोटारी रोज चालतात.

पूर्वी असं नव्हतं. मी लागलो तेव्हा जकात होती, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर. नाक्यावर रात्रपाळीला बसायचो, कंदील, पावतीपुस्तक, आणि सकाळी पेटीतले पैसे मोजून खजिन्यात भरणा. रोजचा रोख पैसा होता तो, पालिकेचा स्वतःचा. १ मे १९९९ पासून नगरपालिकांची जकात बंद झाली आणि बदल्यात शासनाचं सहायक अनुदान सुरू झालं. ते आलं की पगार होतात, उशीर झाला की पगार थांबतात, आणि आमच्याकडे सफाईवाल्या बायका विचारत यायच्या की साहेब आलं का अनुदान. तेव्हापासून पालिकेची मान वरच्याकडे वळली ती वळलीच.

म्हणून तुम्ही एकूण बेरीज बघूच नका. तीन गोष्टी मागा. घरपट्टीची मागणी किती आणि वसुली किती, थकबाकी धरून. पाणीपुरवठ्याचा खर्च किती आणि पाणीपट्टी किती जमली. आणि दुरुस्ती-देखभाल या सदराखाली गटारींना किती ठेवलेत आणि मागच्या वर्षी त्यातले खरोखर किती खर्च झाले. शेवटचा आकडा सगळ्यात बोलका असतो. कितीदा तरतूद कागदावर असते आणि फेब्रुवारीपर्यंत हातही लागलेला नसतो, मग मार्चमध्ये पळापळ.

शिंपी_आळी

माझं मत जरा वेगळं आहे. हे वॉर्डात फिरणं, हळदीकुंकू, बारसं, दशक्रिया, सगळीकडे हजेरी लावणं हे नगराध्यक्षाचं काम नाही. आमच्याकडेही असेच एक होते, कुणाच्याही मयतीला पहिले हजर, लोक खूश, आणि पाच वर्षांत पाणी चार दिवसांआडचं सहा दिवसांआड झालं. माणसं जोडली म्हणून पाइप जोडले जात नाहीत. करवाढ नाही ही बातमी तर मला वाचवत नाही. कर वाढवायचा नाही, वसुली करायची नाही, गाळेधारक वर्षानुवर्षं भाडं भरत नाहीत तरी त्यांना हात लावायचा नाही, आणि मग निधी नाही म्हणायचं.

माजी_नगरसेविका_२०१६

शिंपी आळी, तुमचा राग समजतो पण मी आत बसलेली आहे म्हणून सांगते. मी २०१६ ला निवडून आले. तेव्हाही नगराध्यक्ष थेट जनतेतून होते, मग २०२० मध्ये सरकारने ते रद्द केलं, २०२२ ला परत आणलं. थेट निवडून आलेल्या माणसाला सगळ्या गावाने मत दिलेलं असतं, त्यामुळे गावाला वाटतं की सगळं यांच्या हातात आहे. पण बिलाचा चेक मुख्याधिकाऱ्याच्या आणि लेखापालाच्या सहीने निघतो. मुख्याधिकारी (सीओ) शासनाचा माणूस, बदली शासन करतं. सभेत बहुमत दुसऱ्या पक्षाचं असेल तर अध्यक्ष एकटे पडतात, आमच्याकडे तेच झालं, दोन वर्षं एकमेकांचे ठराव अडवण्यात गेली. नुकसान गावाचं झालं आणि त्यात माझाही हात होता, हे मी इथे कबूल करते. पक्षाने सांगितलं म्हणून एका पाण्याच्या टाकीच्या ठरावाला मी विरोध केला होता, त्या टाकीचं काम नंतर दोन उन्हाळे लांबलं आणि माझ्याच वॉर्डातल्या बायका टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या राहिल्या. अजून आठवलं की झोप लागत नाही.

आता भेटींबद्दल. भेटी वाईट नाहीत. प्रशासकाच्या काळात लोकांना विचारायलाच कुणी नव्हतं, साधा दिवा लावायचा तर कुणाच्या दारात जायचं कळत नव्हतं. बाई दर शनिवारी फिरतायत तर फिरू द्या. पण त्या वहीत लिहितात ते पुढे कुठे जातं, हे विचारायला हवं. वहीतली गोष्ट विषयपत्रिकेवर आली, सभेत ठराव झाला, मग अंदाजपत्रकाच्या सदराला नाव लागलं, तरच काम होतं. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते. लोकांना त्या सभेला बसता येतं, बोलता येत नाही पण ऐकता येतं. माझ्या पाच वर्षांत पाठीमागच्या बाकांवर पत्रकार सोडून कुणी आलेलं मला आठवत नाही. एकदाच एक आजोबा आले होते, डबा घेऊन, पूर्ण तीन तास बसले, आणि त्या दिवशी सभागृहात एकानेही आवाज चढवला नाही.

कार्यक्रमाच्या खर्चाचं म्हणाल तर कुणाच्या घरी भेट दिली, हळदीकुंकवाला गेल्या, याला पालिकेचा पैसा लागत नाही. पालिकेने स्वतः कार्यक्रम घेतला, मंडप-हारतुरे-जाहिरात दिली, तर मात्र ते राष्ट्रीय सण, जयंती, समारंभ अशा सदरात पडतं. तो आकडा आणि गटार दुरुस्तीचा आकडा शेजारी ठेवून बघा, सगळं समजेल.

मामाचा_भाचा

यात एक गोष्ट जोडतो. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि ५ टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवायचे असतात. माझे मामा पोलिओने दोन्ही पायांनी अधू आहेत, पालिकेने नोंद घेतलेली आहे, तरी दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चकरा माराव्या लागतात, जिना चढून, कारण तो विभाग पहिल्या मजल्यावर आहे. मामा पायऱ्यांवर बसत बसत वर जातात. अध्यक्ष मॅडम फिरतात तर एक दिवस खाली पोर्चमध्ये टेबल टाकून बसाव्यात, एवढंच मागणं आहे. त्याला निधी लागत नाही.

ताई, अंगणवाडीसमोरचा ढापा महिला व बालकल्याणातून होतो का ते विचारून बघा, मला खात्री नाही पण विचारायला काय जातंय.

निवृत्त_लेखा_विभाग

भाचेसाहेब, बांधकाम त्यातून करायला लेखापरीक्षणवाले आक्षेप घेतील. स्थानिक निधीचं ऑडिट येतं तेव्हा पहिला प्रश्न हाच, या सदराचा पैसा त्या सदरात का गेला. किरकोळ दुरुस्तीतूनच होईल, तेच सरळ. मामांच्या पायऱ्यांचं वाचून मात्र वाईट वाटलं, आमच्या वेळी शिपाई खाली येऊन सही घेऊन जायचा, ते आताही करता येईल.

कागद मिळवायचं सांगायचं राहिलं. मंजूर अंदाजपत्रक वेबसाइटवर टाकायला हवं, माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे न मागता द्यायची ती माहिती आहे. नसेल तर साधा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर, झेरॉक्सला पानामागे २ रुपये. अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लिहा, नाहीतर परत पाठवतात. आणि झेरॉक्सपेक्षा अभिलेख पाहणी मागा, पहिला तास फुकट असतो, समोर रजिस्टर उघडून बसलात की टेबलावरचा माणूस आपोआप समजावून सांगतो. भांडायला जाऊ नका, खुर्चीत बसलेला बाबू बहुतेक वेळा एकटा तीन जणांचं काम करत असतो.

घरपट्टी वेळेवर भरता हे फार चांगलं, चुकवणाऱ्याला महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) लागते, म्हणजे १०,००० थकले तर वर्षाचे २,४०० वर. तरी बड्या थकबाकीदारांना ते भरण्यापेक्षा माफीची वाट बघणं परवडतं. वसुलीची यादी मागाल तेव्हा पहिल्या पन्नास थकबाकीदारांची मागा. त्या यादीत एकही झोपडीवाला नसतो, मी तीस वर्षं बघितलंय.

वॉर्ड_सातची_रहिवासी

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः काका आणि माजी नगरसेविका ताई. उशिरा लिहितेय कारण आधी जाऊन यायचं होतं.

अर्ज द्यायची वेळच आली नाही. मी आणि शेजारच्या वहिनी गेलो, लेखा विभागात एक मुलगा होता, त्याने अंदाजपत्रकाची प्रत समोर ठेवली. काकांनी सांगितलेलं सदर शोधायला आम्हाला वीस मिनिटं लागली. गटार दुरुस्तीला तरतूद आहे! मागच्या वर्षीही होती आणि त्यातले निम्मेसुद्धा खर्च झाले नव्हते. मुलगा म्हणाला मागणीच आली नाही बांधकाम विभागाकडून. मी वहीत उतरवून घेतलं, पान नंबरसकट.

शनिवारी नगराध्यक्षा शेजारच्या वॉर्डात होत्या तिथे आम्ही सात जणी गेलो. कोणी आवाज चढवला नाही, मी फक्त पान नंबर सांगितला. बाई खरंच गप्प झाल्या, ओट्यावर बसल्या आणि माझी वही मागून घेतली, दोनदा वाचली. म्हणाल्या, मला हे कुणी दाखवलंच नाही, मला बेरीज आणि शिल्लक एवढंच सांगितलं होतं. तिथूनच अभियंत्यांना फोन लावला, सोमवारी मोजमाप घ्यायला सांगितलं. मामांच्या पायऱ्यांचंही मी बोलले, नाव न घेता, त्या म्हणाल्या पुढच्या आठवड्यापासून सोमवारी खाली बसते.

मोजमाप झालंय. काल एक माणूस टेप घेऊन आला, ढाप्याची लांबी-रुंदी घेतली आणि शेजारचे अजून दोन मोडायला आलेले ढापेपण लिहून घेतले. काम अजून सुरू नाही, जुना दरवाजा अजून तिथेच आहे. पुढची सर्वसाधारण सभा या महिन्याच्या शेवटी आहे म्हणतात. आम्ही चौघी जाणार आहोत बसायला, डबा घेऊन. काका, विषयपत्रिका कुठे लावतात ते तेवढं सांगा.