श्रीहरिकोटाचे २०२५: कौतुक कशाचे आणि किती?

नभोनिरीक्षक:
२०२५ मध्ये श्रीहरिकोटाहून पाच उपग्रहमोहिमा निघाल्या आणि वर्षअखेरीस तिथल्या अंतराळ केंद्राचे भरभरून कौतुक झाले. मला ते एकांगी वाटते. २९ जानेवारीच्या शंभराव्या प्रक्षेपणातील एनव्हीएस-०२ हा दिशादर्शक उपग्रह झडप न उघडल्यामुळे नियोजित कक्षेत पोहोचलाच नाही. १८ मे रोजी पीएसएलव्ही-सी६१ या प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्यात मोटरमधील दाब घसरला आणि ईओएस-०९ हा भूनिरीक्षण उपग्रह हातचा गेला. त्याचा चौकशी अहवाल वर्ष सरले तरी जनतेसमोर आला नाही. पाचांपैकी दोन मोहिमांचे उद्दिष्ट हुकले, तर वर्ष यशाचे कसे?

सागरतीर:
आपली येथे गल्लत होत आहे. ती झडप उपग्रहातली होती. जीएसएलव्ही प्रक्षेपकाने उपग्रहाला ठरलेल्या हस्तांतर कक्षेत (अंतिम कक्षेआधीच्या मधल्या कक्षेत) व्यवस्थित सोडले होते. केंद्राचे काम जोखायचे तर वर्षाची अखेर पाहावी. २ नोव्हेंबरला एलव्हीएम३ या जड प्रक्षेपकाने सुमारे ४,४१० किलोचा सीएमएस-०३ हा दळणवळण उपग्रह नेला, तोही मोंथा चक्रीवादळ आंध्र किनाऱ्यावर धडकून गेल्यावर पाचच दिवसांनी. आणि ५२ दिवसांत त्याच दुसऱ्या क्रमांकाच्या प्रक्षेपण तळावरून त्याच प्रकारचे यान ६,१०० किलोचा ब्लूबर्ड हा अमेरिकी दळणवळण उपग्रह घेऊन निघाले. या यानाच्या दोन्ही अंगांच्या एस२०० मोटरांत प्रत्येकी दोनशे टनांहून अधिक घन इंधन असते. ते तीन खंडांत श्रीहरिकोटा बेटावरच ओतायचे, पक्के होऊ द्यायचे, भेग किंवा पोकळी राहिली नाही याची खातरजमा करायची आणि मगच खंड जोडायचे. या कामात घाई चालत नाही. निसार या इस्रो-नासाच्या संयुक्त उपग्रहाचा तर आपण उल्लेखही केला नाहीत.

वालचंदनगरकर:
आमच्या गावच्या कारखान्यात अशा मोटरांची आवरणे बनतात, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती समजावे. मुळात वर्षाला पाच उड्डाणे हीच संख्या तोकडी आहे. शिवाय एलव्हीएम३ साठी आज एकच तळ आहे; त्याला इजा झाली तर गगनयानही अडकेल. जानेवारीत मंजूर झालेला ३,९८४.८६ कोटींचा तिसरा तळ मला म्हणूनच वर्षातील सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो.

नभोनिरीक्षक:
तळ हवाच, पण अहवालाचे काय? १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हे यान समुद्रात कोसळले, तेव्हा ज्यांचे नाव आज या केंद्राला आहे ते इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले होते. सी६१ चे कारण गुलदस्त्यातच राहिले आणि १२ जानेवारी २०२६ ला पीएसएलव्हीच्याच सी६२ मोहिमेतही तिसऱ्याच टप्प्याने दगा दिला. या वेळी परदेशी ग्राहकांचे उपग्रहही गेले.