व्यावसायिक बॅले नर्तनानंतर पुण्यात अध्यापन : सुरुवात कशी करावी?

औंधवासी (प्रश्न)

नमस्कार. मी मूळची पुण्याची असून गेली अनेक वर्षे जर्मनीतील एका शहराच्या नाट्यगृहात बॅले संचात नृत्य करत होते. तिथे नर्तकाचा करार एकेका मोसमाचा असतो आणि पुढच्या मोसमासाठी ठेवायचे नसेल, तर नाट्यगृहाला साधारणपणे ३१ ऑक्टोबरपर्यंत तसे कळवावे लागते. नवा संचालक आला की तो बहुधा आपल्या पसंतीचे नर्तक आणतो. आमच्याकडेही तसेच झाले. पस्तिशी उलटल्यावर विशीतल्या मुलींबरोबर ऑडिशन देत फिरण्यात मला अर्थ वाटला नाही, शिवाय उजव्या खुब्याचे दुखणे होतेच.

आता औंधमध्ये लहानसा वर्ग सुरू करावा, असे मनात आहे. रंगमंचावरचा अनुभव पुरेसा आहे, की अध्यापनाची रीतसर पदविका घ्यावी? चौकशीला आलेले पालक दोनच गोष्टी विचारतात : मुलगी बोटांवर कधी उभी राहणार आणि डिसेंबरच्या गॅदरिंगला नाच बसवणार का. यावर आपण काय सांगता?

कल्याणीनगरकर

कायद्याने कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही आणि त्यामुळेच शहरात कोणीही बॅलेची पाटी लावू शकतो. मात्र १९२० साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षांना विद्यार्थी बसवायचे असतील, तर त्या संस्थेकडे शिक्षक म्हणून नोंदणी हवी. व्यावसायिक नर्तकांसाठी त्यांनी स्वतंत्र पदविकाही चालवली आहे. तिची सध्याची स्थिती त्यांच्याकडेच विचारून घ्यावी.

माझ्या मते पदविकेची गरज कागदासाठी नाही. दहाव्या वर्षापासून रोज बारपाशी (सरावाच्या आडव्या दांड्यापाशी) उभ्या राहिलेल्या नर्तकीचे शरीर टर्नआउट करते, म्हणजे पाय खुब्यापासून बाहेर वळवते, पण ते कसे करते हे तिला सांगता येईलच असे नाही. आठ वर्षांची मुलगी पहिल्या स्थितीत (टाचा जुळवून, पावले बाहेर वळवून) प्लिए करते, म्हणजे गुडघे वाकवते, तेव्हा तिचे गुडघे आत पडतात आणि पावलाची कमान जमिनीला टेकते, कारण आरशात दिसते तसे व्हावे म्हणून तिने खुब्याऐवजी घोट्यातून पाय फिरवलेले असतात. अशा वेळी आपण स्वतः करून दाखवले, तर ती पावले आणखीच फिरवते. तिला पाठीवर झोपवून पाय सरळ ठेवायला सांगावे आणि मांडी मुळापासून बाहेर वळताना खुब्यावर हात ठेवून ती हालचाल तिची तिला जाणवू द्यावी. मग उभे राहिल्यावर पावलांचा कोन पुष्कळ लहान येतो. मुली हिरमुसतात, पण तोच त्यांचा खरा कोन असतो.

रशियन नर्तकी आणि शिक्षिका अग्रिपिना वागानोवा यांचे उदाहरण मला इथे नेहमी आठवते. त्यांना बॅलेरिना, म्हणजे प्रमुख नर्तकी, हा दर्जा १९१५ मध्ये, म्हणजे रंगमंच सोडण्याच्या जेमतेम वर्षभर आधी मिळाला. निसर्गाने सगळे आयते दिले नव्हते, म्हणून प्रत्येक हालचाल त्यांना उकलून पाहावी लागली, आणि पुढे त्यांच्या हाताखाली गलिना उलानोव्हा यांच्यासारख्या थोर बॅले नर्तकी घडल्या. आपल्याला जे सहज जमत नव्हते, तिथूनच शिकवायला सुरुवात करा, एवढेच सुचवते.

तत्कार

मी सदाशिव पेठेत कथक शिकवते. नृत्य संपले आणि अध्यापन सुरू झाले, अशी रेघ आमच्याकडे सहसा ओढली जात नाही. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ मध्ये ऐन विशीत नृत्यभारती ही कथक संस्था सुरू केली आणि त्यानंतर कित्येक दशके त्यांचे नृत्य, रचना आणि शिकवणे एकत्रच चालले. त्यामुळे पुण्यातले पालक गुरूला ‘आता नाचत नाहीत का?’ असे विचारतील. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. परीक्षा म्हटले की मात्र ते निश्चिंत होतात, कारण विशारद, अलंकार हे शब्द घरोघरी माहीत आहेत.

जागा घेताना जमीन पाहा. घुंगरांच्या नादासाठी आम्हाला टणक फरशी चालते, किंबहुना तीच हवी असते. मात्र तुमच्या उड्यांना ती चालणार नाही. भाड्याचे बहुतेक हॉल टाइल्सचे असतात आणि त्यावर नुसते व्हिनाइल अंथरले तर घसरणे थांबते, हादरा थांबत नाही. आडव्या-उभ्या लाकडी पट्ट्यांवर प्लायवूडचे दोन थर आणि वर व्हिनाइल, एवढे तरी करून घ्यावे.

फिजिओ_कोथरूड

पॉइंट शूजसंबंधी, म्हणजे बोटांवर उभे राहण्याच्या बुटांसंबंधी : बारा वर्षे पूर्ण होणे हा एकटा निकष नव्हे. आठव्या वर्षापासून आठवड्याला दोन वर्ग नियमित केले असतील, तर चौथ्या वर्षाच्या सुमारास विचार करावा. आठवड्याला एकच वर्ग असेल, तर नकार द्यावा. मुलीला एका पायावर, गुडघा ताठ ठेवून, न डगमगता पुन्हापुन्हा टाच उचलता यायला हवी. पाऊल ताणल्यावर त्याचा वरचा भाग नडगीच्या रेषेत यायला हवा. एक्स-रे काढून आणणारे पालक भेटतात, पण हाडांच्या चित्रावरून पोटाची आणि घोट्याची ताकद कळत नाही.

आपल्या खुब्याविषयीही लिहितो. शिक्षक दिवसभर थंड शरीराने, त्याच एका बाजूने करून दाखवतात आणि रंगमंचावर न झालेली इजा वर्गात होते. डाव्या बाजूनेही दाखवा, नाहीतर जाणत्या विद्यार्थिनीला पुढे उभे करा.

औंधवासी

सर्वांचे मनापासून आभार. जमिनीचे काम केल्याखेरीज वर्ग सुरू करणार नाही. पहिली तुकडी सात-आठ वर्षांच्या मुलींची घ्यावी का?

कल्याणीनगरकर

ताई, मी तर आधी प्रौढांची संध्याकाळची तुकडी घ्या असे म्हणेन. बाणेर-बालेवाडीकडून नोकरी आटोपून येणाऱ्या स्त्रिया आणि हल्ली काही पुरुषही ‘हे का करायचे?’ असे तोंडावर विचारतात. मुले मात्र न समजताही नक्कल करतात आणि शिकवण्यातली त्रुटी वर्षभर झाकली जाते. सहा महिने त्या प्रश्नांना उत्तरे देऊन मग मुलांकडे वळा.

गॅदरिंगचे उत्तर मी प्रवेशाच्या दिवशीच देते. पहिल्या वर्षी मंचावर काही नाही. त्याऐवजी मार्चमध्ये पालकांनी वर्गात बसून एक पूर्ण तास पाहावा. हे ऐकून काही जण अर्ज न भरताच जातात, आणि त्यांना थांबवण्याचा प्रयत्न मी करत नाही.