डायरी संक्रांतीलाच बंद पडली. तुम्ही नेमकं काय लिहिता?

पायवाट:

नमस्कार. गेल्या वर्षी आई गेली. तिचं कपाट आवरताना औषधांच्या चिठ्ठ्या, भिशीची वही, रांगोळीचे कागद निघाले, पण तिच्या मनात काय चालायचं याची एक ओळ कुठे सापडली नाही. तेव्हापासून आपण तरी रोज थोडं लिहावं असं फार वाटतंय. जानेवारीत तारखा छापलेली जाड डायरी आणली. पहिल्या पानावर 'श्री' घातलं, संक्रांतीपर्यंत नेमानं लिहिलं. मग हळदीकुंकवाच्या गडबडीत काही पानं कोरी राहिली आणि ती बघून पुढे हातच चालेना.

रात्री ओटा आवरून बसेपर्यंत अकरा वाजतात. डोकं थकलेलं असतं, 'आज विशेष काही नाही' एवढंच उमटतं. शिवाय घरात आम्ही सात जण. कपाटाला कुलूप लावलं तरी चर्चा होईल. घरातल्या कुणाबद्दल मनातलं लिहिलं आणि ते त्यांच्याच हाती लागलं तर? वर्षानुवर्षं लिहिणाऱ्यांनी कृपया सांगावं.

कृष्णाकाठ:

ताई, मी सांगलीचा. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होतो, आता निवृत्त आहे. नोकरीला लागलो तेव्हापासून लिहितोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ती छापील तारखांची डायरी आधी बाजूला ठेवा. दोनशेपानी साधी वही घ्या आणि तारीख स्वतः टाका. मध्ये आठवडा गेला तरी पुढची तारीख लगेच खालच्या ओळीवर येते, कोरं पान राहतच नाही. राहिलेले दिवस आठवून आठवून भरत बसू नका. आणि रात्री लिहू नका. मी सकाळचा पहिला चहा झाला की कालचं लिहितो. दहा मिनिटं पुरतात.

आता काय लिहायचं ते. दुकानात आधी रोजकीर्द लिहितात, खतावणी मागाहून. व्यवहार झाला तसा त्या तारखेला उतरवायचा, कुणाच्या खात्यावर किती निघतात ते सवडीनं बघायचं. डायरीचंही मी तसंच धरलंय. मन मोकळं करायचं म्हणून बसलो तर काही सुचत नाही, घडलेलं लिहायला घेतलं की पेन थांबत नाही. कोण आलं, काय शिजलं, सौद्यात राजापुरी हळदीला काय भाव फुटला, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे तेही लिहितो. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ असतं.

२०१९ च्या महापुरातली एक नोंद जशीच्या तशी देतो:

'मंगळवार, ६ ऑगस्ट. वीज नाही. पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला. शेजारच्या वहिनींनी गच्चीवर स्टोव्हवर पिठलं-भात केला, दोन्ही घरं एकत्र जेवलो. नात विचारते, मासे आपल्या देवघरात येतील का. हिनं गव्हाची पोती कालच माळ्यावर चढवून घेतली होती.'

नंतर पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. या नोंदीत भीतीबद्दल एक शब्द नाही, पण आज वाचताना छातीत धस्स होतं. आणि त्या दिवसांत घर खरं कुणी सांभाळलं तेही दिसतं. त्या रात्री 'मला काय वाटतंय' असं लिहायला बसलो असतो तर गव्हाच्या पोत्यांचा उल्लेखसुद्धा आला नसता.

त्याच पुरात खालच्या फडताळातल्या जुन्या वह्या भिजल्या. बॉलपेननं लिहिलेल्या आजही वाचता येतात, शाईपेनची अक्षरं मात्र वाहून गेली. म्हणून बॉलपेनच वापरा. आणि कधी वही भिजलीच तर चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, उन्हातही टाकू नका. सावलीत पंख्याखाली उभी ठेवा, पानांमध्ये कोरे कागद घाला आणि ते ओले झाले की बदला.

शेवटचं एक. आईंच्या भिशीच्या वहीत काही नाही असं म्हणू नका. ती त्यांची रोजकीर्द आहे. एकदा तारखा लावून सावकाश वाचा.

निवांत:

मी समुपदेशक आहे. रोजच्या वहीसाठी वरचा सल्ला मला मनापासून पटला. आई गेल्याचं दुःख मात्र वेगळ्या कागदांवर लिहा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सँड्रा बील यांच्याबरोबर केलेला एक प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं होतं. आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. लिहून उठल्या उठल्या मात्र त्यांना जास्तच उदास वाटत होतं. म्हणून असं लिहिणं झोपण्यापूर्वी नको आणि महिनोन् महिने तेच ते उगाळणंही नको. झोप किंवा जेवण बरेच दिवस बिघडलेलं असेल तर वहीवर विसंबू नका, कुणाशी तरी प्रत्यक्ष बोला.

पायवाट:

काका, भिशीची वही काढून बसले. २००४ च्या जूनमध्ये हप्त्यापुढे बारीक अक्षरात 'पाटली' असं लिहिलंय. त्याच महिन्यात माझी कॉलेजची फी भरली होती. नंतर आईच्या हातात एकच पाटली असायची. दुसरी झिजली म्हणून मोडली, असं सांगायची. मला खरोखर कल्पना नव्हती. त्या पानाचा फोटो भावाला पाठवला, तोही बराच वेळ फोनवर काही बोलला नाही.

साधी वही आणली आहे, सकाळी लिहायला लागले. दुसऱ्याच्या हाती लागण्याची भीती मात्र तशीच आहे.

वळणदार:

मी मोडीत लिहिते! पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग भरतात. आधी ओळभर रेघ मारून घ्यायची आणि तिच्याखाली अक्षरं हात न उचलता लिहीत जायची. सराव झाला की देवनागरीपेक्षा वेग येतो. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला ती वाचता येत नाही. लंडनच्या सॅम्युएल पीप्सनंही १६६० ते १६६९ ची डायरी अशीच लघुलिपीत लिहिली होती.

पण ताई, सगळंच लपवलं तर तुमच्या मुलांनाही तुमची एक ओळ सापडायची नाही. म्हणून माझी वही देवनागरीत असते, फक्त अगदी खासगी ओळी तेवढ्या मोडीत. तेवढ्यासाठी शिकायला हरकत नाही, मुळाक्षरं लवकर येतात.

कृष्णाकाठ:

पाटलीचं वाचून भरून आलं. ते पान जपा.

माझी वही टीव्हीशेजारी उघड्यावरच असते. गॅस कधी लावला, नातीला ताप कधी आला होता, हे बघायला घरचे तीच उघडतात. हिनंही अधूनमधून आपल्या अक्षरात भर घातली आहे. रागाचं काही असलं तर मी सुट्या कागदावर लिहितो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाचतो, त्यातलं प्रत्यक्ष घडलेलं असेल तेवढं वहीत उतरवतो आणि कागद फाडून टाकतो. तुम्हीही महिनाभर असं करून बघा आणि कसं जमतंय ते इथं कळवा.