टू-जेझेडचं हेड गॅस्केट: तांबं की स्टील?

टर्बोवेडा: टोयोटाचं टू-जेझेड जीटीई इंजिन, सिंगल टर्बो, ३० पीएसआय बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब). आयडलला काहीच नाही, पण थर्डमध्ये फुल बूस्ट दिला की कूलंटची बाटली उतू जाते, होज दगडासारखे कडक होतात. सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं. ब्लॉक टेस्टचं निळं पाणी मात्र पिवळं पडलं, म्हणजे कूलंटमध्ये जळका वायू येतोय. मिस्त्री म्हणतो तांब्याचं हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) टाका. टाकू का?

लेथवाले_काका: अरे थांब जरा. बूस्टमध्येच होतंय म्हणजे दाबाने हेड ब्लॉकवरून उचलतंय. आधी चांगले स्टड (हेड आवळून धरणारे आटेदार दांडे) टाक. ते ब्लॉकमध्ये हातानेच बसव, मग नटचे आटे आणि वॉशर यांना स्टडसोबत येतं तेच मोली ग्रीस लावून टप्प्याटप्प्याने आवळ. साधं तेल लावलंस तर टॉर्क (आवळायचा जोर) तोच दिसेल, स्टडला ताण कमी बसेल.

तांबं रस्त्यावरच्या गाडीला नको रे बाबा. त्यासाठी खाच पाडून स्टीलच्या तारेची ओ-रिंग लागते, आणि पाण्याची भोकं झिरपतात ती वेगळीच कटकट. मल्टिलेअर स्टीलच (स्टीलच्या पातळ थरांचं गॅस्केट) टाक. पण ब्लॉक-हेड दोन्हींचं फिनिश ५० मायक्रोइंच आरए (सरासरी खडबडीतपणा) किंवा त्याहून गुळगुळीत हवं. नखाने कळत नाही, खडबडीतपणा मोजायचं मीटर लावायला सांग. आणि ग्राइंडरवर डिस्क लावून जुनं गॅस्केट खरवडणाऱ्याला गॅरेजबाहेर काढ!

नॉकसेन्सर: इग्निशन टायमिंगचा लॉग टाका आधी. नॉक (इंधन आपोआप झटक्याने पेटणं) होत असेल तर कुठलंही गॅस्केट उडणारच.

टर्बोवेडा: लॉग रात्री टाकतो. काका, डेक (ब्लॉकचा वरचा सपाट भाग) घासताना टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लागेल?

लेथवाले_काका: नाही रे, ती बोअर होनिंगला, म्हणजे सिलिंडर आतून घासताना.